झँथोप्टेरिन : पिवळ्या पंखापासून मुंबईच्या गर्भवतींपर्यंत

पाणंद

फॉलिक आम्ल आपल्याला भेटतं ते 'ब' जीवनसत्त्वांच्या तक्त्यात. फुलपाखरांच्या रंगांबद्दल काही वाचायचं तर ते कीटकशास्त्राच्या पुस्तकात. हे दोन्ही धागे एकाच गोष्टीतले आहेत आणि त्या गोष्टीचा एक मोठा भाग मुंबईत घडला, हे मराठीत एकत्र लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही. म्हणून हा प्रपंच. नायक आहे झँथोप्टेरिन नावाचा एक लहानसा पिवळा रेणू.

सुरुवात इंग्लंडात होते. फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स, म्हणजे पुढे १९२९ साली जीवनसत्त्वांवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले हॉपकिन्स, मुळात कीटकवेडे. सतरा वर्षांचे असताना त्यांनी एका भुंग्याने सोडलेल्या वाफेवर टिपण छापलं होतं. १८८९ मध्ये, लंडनच्या गाइज हॉस्पिटलात वैद्यकीचे विद्यार्थी असताना, त्यांनी ब्रिमस्टोन या गंधकी पिवळ्या फुलपाखराच्या पंखांतला रंग काढला आणि त्यावर छोटं टिपण लिहिलं. १८९५ मध्ये पिअरिडी कुळातल्या पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या रंगांवर सविस्तर निबंध आला. त्यांचं म्हणणं असं की हे रंग यूरिक आम्लाच्या गोतावळ्यातले आहेत. शरीराबाहेर टाकायचा नायट्रोजन फुलपाखरू पंखात साठवतं आणि त्याचीच सजावट करतं.

त्यानंतर तीसएक वर्षं विषय जवळपास पडून राहिला. १९२५ साली म्युनिकला हाइनरिश वीलांड आणि क्लेमेन्स श्योप्फ यांनी त्याच ब्रिमस्टोनच्या पंखांतून पिवळं द्रव्य शुद्ध करून घेतलं. तेच झँथोप्टेरिन. पुढच्याच वर्षी कोबीवरच्या पांढऱ्या फुलपाखरातून ल्यूकोप्टेरिन मिळालं. एका पंखात द्रव्य नाममात्र, त्यामुळे हजारो फुलपाखरं गोळा करावी लागत. रेणूची रचना मात्र आणखी पंधरा वर्षं हाती लागली नाही. ही द्रव्यं पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, तापवली तर वितळायच्या आधीच करपतात आणि पृथक्करणासाठी जाळताना नीट पूर्ण जळत नाहीत. अणूंचं प्रमाणच चुकीचं निघालं तर रचना कुठून बरोबर निघणार? अखेर वीलांड यांच्याच प्रयोगशाळेतले रॉबर्ट पुर्मान यांनी १९४० मध्ये दोन्हींच्या रचना पक्क्या केल्या.

रचना अशी. दोन षटकोनी कडी एका बाजूने जोडलेली, कड्यांत मिळून चार नायट्रोजन. याला टेरिडीन म्हणतात. त्यावर दुसऱ्या जागी अमिनो गट आणि चौथ्या जागी ऑक्सिजन आला की झालं टेरिन. सहाव्या जागीही ऑक्सिजन आला की पिवळं झँथोप्टेरिन, सहाव्याऐवजी सातव्या जागी आला की आयसोझँथोप्टेरिन, दोन्हीकडे आला की पांढरं ल्यूकोप्टेरिन. झँथोप्टेरिनच्या रेणूत एकूण अणू अठराच : कार्बन ६, हायड्रोजन ५, नायट्रोजन ५, ऑक्सिजन २.

आता १९४० हे साल लक्षात ठेवा. पुर्मान यांच्या रचना छापून होतात न होतात तोच अमेरिकेत रक्तक्षयावरच्या एका अज्ञात घटकाचा शोध ऐन भरात आला. त्या घटकाचे तुकडे केले तेव्हा एक तुकडा टेरिनचा निघाला. फुलपाखरांवरचं काम झालेलं नसतं तर तो तुकडा ओळखायला बराच काळ गेला असता, असं मला वाटतं. त्या घटकाचा पहिला मागमूस लागला होता मुंबईत. तो भाग माझ्यापेक्षा इथल्या काही जणांना जास्त माहीत आहे, त्यांनी जरूर लिहावं. प्रयोगशाळेत टेरिनं हाताळलेली मंडळीही इथे असतीलच.

कासवगती

छान विषय. एक शंका. पिवळा रंग म्हटला की आपण गाजर, झेंडू, अंड्याचा बलक यांतल्या कॅरोटिनॉइडचा विचार करतो. फुलपाखरातला पिवळा त्यातलाच कशावरून नाही? सुरवंट पानंच तर खातो.

पाणंद

@कासवगती, शंका रास्त आहे. काही कीटकांचा पिवळा रंग खरोखरच पानांतून आलेला असतो. पण प्राणी सहसा कॅरोटिनॉइड स्वतः बनवत नाहीत, खाण्यातून घेतात. टेरिनं कीटक स्वतः बनवतो आणि तेही प्रत्येक पेशीत असणाऱ्या जीटीपी नावाच्या रेणूपासून.

इथे हॉपकिन्सचं डोकं किती नेमकं चाललं होतं ते दिसतं. जीटीपीत प्यूरिनची जोडकडी असते, म्हणजे एक षटकोन आणि एक पंचकोन. यूरिक आम्लातही तीच. एक विकर (एन्झाइम) त्यातला पंचकोन उघडतं, त्यातला एक कार्बन फॉर्मिक आम्ल म्हणून बाहेर पडतो, आणि शेजारच्या रायबोज साखरेतले दोन कार्बन आत येऊन पंचकोनाचा षटकोन होतो. म्हणजे टेरिन हे प्यूरिनच्याच घरातलं. नातं त्यांनी ओळखलं होतं, फक्त रेणू यूरिक आम्लाचाच असेल असं धरलं होतं.

आणखी एक. पिअरिडींच्या खवल्यांत टेरिन नुसतं शाईसारखं भिनलेलं नसतं, त्याचे लांबट सूक्ष्म मणी खवल्याच्या जाळीत दाटीवाटीने बसलेले असतात. हे मणी एकाच वेळी दोन कामं करतात. अतिनील (पिवळ्या जातींत निळाही) प्रकाश शोषतात आणि उरलेला सगळीकडे जोरात विखुरतात. म्हणून पांढरं फुलपाखरू उन्हात इतकं झगझगीत दिसतं. जपानमधल्या कोबीच्या फुलपाखरात नराचे पंख अतिनील प्रकाशात काळे दिसतात आणि मादीचे उजळ, कारण मादीच्या खवल्यांत मणी कमी. आपल्या डोळ्यांना दोघं सारखीच पांढरी, त्यांना मात्र लांबूनच कळतं. आपल्याकडचं हळदीकुंकू फुलपाखरू याच पिअरिडी कुळातलं. सह्याद्रीत दिसणारं पंखांची टोकं केशरी असलेलं मोठं पांढरं फुलपाखरू, ग्रेट ऑरेंज टिप, तेही. त्या केशरी टोकांतही टेरिनंच आहेत.

सूक्ष्मदर्शी

अखेर माझ्या आवडीचा धागा निघाला. पदव्युत्तर प्राणिशास्त्राला शिकवते आणि दरवर्षी फळमाशीच्या डोळ्यांतल्या टेरिनांचं प्रात्यक्षिक घेते. इतक्या कमी खर्चात जनुक, विकर आणि रंग यांचा संबंध मुलांच्या डोळ्यांपुढे आणणारं दुसरं प्रात्यक्षिक मला माहीत नाही. सविस्तर लिहिते.

फळमाशीच्या विटकरी डोळ्यात रंगांची दोन कुळं असतात. तपकिरी ते ओमोक्रोम, ट्रिप्टोफॅनपासून बनलेलं. लाल-केशरी ती ड्रोसोप्टेरिनं, आपल्या टेरिन कुळातली. त्यांच्याबरोबर झँथोप्टेरिन, आयसोझँथोप्टेरिन, सेपियाप्टेरिन, बायोप्टेरिन ही भावंडंही थोडीथोडी असतात. साध्या उजेडात ती दिसत नाहीत, अतिनील दिव्याखाली प्रत्येक आपापल्या रंगात चमकतं. १९५१ साली हाडोर्न आणि मिचेल यांनी माशा कागदावर चिरडून हे ठिपके वेगळे करून दाखवले, तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत हा प्रयोग चालू आहे.

आम्ही असं करतो. व्हॉटमन एक नंबरच्या गाळणकागदावर पेन्सिलीने रेघ ओढायची. माशांना ईथरने बेशुद्ध करून फक्त डोकी वेगळी करायची आणि काचेच्या कांडीने रेघेवर एकाच जागी दाबायची. फक्त डोकी, कारण नराच्या वृषणांत आयसोझँथोप्टेरिन भरपूर असतं. अख्खी माशी घेतली तर नर-मादीचे निकाल वेगळे येतात आणि मुलं गोंधळतात. (ज्यांना तो फरकच दाखवायचा असेल त्यांनी मुद्दाम अख्खी घ्यावी.) ठिपका वाळला की कागदाची नळी करून आयसोप्रोपॅनॉल आणि अमोनियाच्या मिश्रणात उभी करायची. बरणीवर काळा कागद. द्रावण वर चढलं की कागद वाळवून अंधारात दिव्याखाली धरायचा.

खालून वर येताना क्रम साधारण असा : केशरी ड्रोसोप्टेरिनं, मग जांभळट निळं आयसोझँथोप्टेरिन, हिरवट निळं झँथोप्टेरिन, पिवळं सेपियाप्टेरिन आणि वर निळे दोन, साधं टेरिन आणि बायोप्टेरिन.

खरी मजा उत्परिवर्तित माशांची. 'सेपिया' माशीत केशरी ठिपका गायब आणि पिवळा ढीगभर, कारण पुढची पायरी अडली आणि माल मागे साठला. 'रोझी' माशीत झँथिन डिहायड्रोजनेज हे विकर नाही, म्हणून आयसोझँथोप्टेरिनचा ठिपकाच नाही. 'ब्राउन' माशीत टेरिनं जवळपास नाहीतच, उरतं ते फक्त तपकिरी. 'व्हर्मिलियन' माशीत उलट : ओमोक्रोम नाही, टेरिनं सगळी जागच्या जागी, म्हणून डोळा भडक लाल. आणि 'व्हाइट'चा रकाना कोरा. तिच्यात रंग बनवण्यापेक्षा रंगाचा कच्चा माल पेशीत आत नेणारं प्रथिन बिघडलेलं असतं. मुलांना आधी काही सांगत नाही. कागद हातात देते आणि कोणती पायरी अडली ते त्यांनाच ओळखायला लावते.

आडवाट

@सूक्ष्मदर्शी ताई, तुमच्या प्रतिसादाची प्रत काढून ठेवली. मी जीवरसायनशास्त्राला आहे, दुसऱ्या वर्षाला. आम्हाला प्रकल्पासाठी विकत आणलेलं झँथोप्टेरिन वापरायचं आहे, पण ते पाण्यात घातलं की तळाशीच बसतं. अमोनियाचं कारण हेच का?

सूक्ष्मदर्शी

@आडवाट, हो. हे रेणू आपापसांत हायड्रोजन बंधांनी इतके घट्ट बांधलेले असतात की पाण्याला आत शिरू देत नाहीत. अल्कलीत त्यांच्यावर ऋण भार येतो आणि ते सुटे होतात. विरल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये आधी थोड्यात विरघळव, मग बफरमध्ये हव्या त्या प्रमाणात पातळ कर. एकदम बफरात टाकू नकोस.

दोन गोष्टी सांभाळ. एक, उजेड, त्याने हे रेणू बिघडतात. बाटलीला अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळ आणि द्रावण त्या त्या दिवशी ताजं कर. दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही : सौम्य आम्लधर्मी किंवा उदासीन द्रावणात झँथोप्टेरिन पाण्याचा एक रेणू हळूहळू स्वतःला जोडून घेतं. त्याने शोषणाचा वर्णपट सरकतो. सकाळचं आणि दुपारचं वाचन जुळलं नाही तर यंत्राला दोष देऊ नकोस. सगळी वाचनं द्रावण केल्यापासून ठरावीक वेळानेच घे.

प्रकल्प कशावर आहे? झँथिन ऑक्सिडेजवर असेल तर छान जोडी आहे. ते विकर झँथोप्टेरिनच्या सातव्या जागी ऑक्सिजन बसवून ल्यूकोप्टेरिन करतं. पिवळं जातं, रंगहीन येतं. साधं टेरिन दिलं तर आयसोझँथोप्टेरिन होतं, आणि त्याची चमक इतकी तीव्र की ऊतीतलं अगदी थोडं विकरही त्यावरून मोजता येतं. त्या विकराच्या पोटात मॉलिब्डेनमचा जो अणू असतो, त्याला धरून ठेवणारा रेणूही टेरिन कुळातलाच.

आडवाट

झँथिन ऑक्सिडेजच! खूप आभार ताई. ल्यूकोप्टेरिन कसं ओळखायचं यावर अडलो होतो.

गिरणगाव

पाणंद यांनी हाक दिलीच आहे तर मुंबईचा भाग मी लिहितो. माझी आजी गिरणीत साचा खात्यात होती, त्यामुळे हा इतिहास मला परका वाटत नाही.

१९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. त्यांना बोलावलं होतं मार्गारेट बॅलफोर या डॉक्टरांनी. इथल्या गर्भवतींमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय दिसत होता आणि गिरणीत काम करणाऱ्या बायकांत तो फार होता. तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. परळच्या हाफकिन संस्थेत विल्स यांचं काम चाललं. सोबत माणेक मेहता या सहकारी होत्या, दोघींच्या नावाने शोधनिबंध आहेत.

आधी जंतुसंसर्ग शोधला, तो सापडला नाही. मग त्यांनी बायका काय खातात ते घरोघरच्या चौकशीतून लिहून काढलं. जिथे आहार सगळ्यात तोकडा, भाजीपाला, फळं, दूध कमी, तिथे आजार जास्त. तसाच आहार पांढऱ्या उंदरांना दिला, तेही रक्तहीन झाले. यीस्ट दिल्यावर त्यांना आराम पडला. पण उंदरांवरच्या उवांतून पसरणाऱ्या एका जंतूनेही त्यांचं रक्त कमी होतं असं लक्षात आल्यावर त्यांनी तो निकाल पुरेसा मानला नाही आणि माकडांवर काम सुरू केलं. असंच एक खंगलेलं माकड मार्माइटवर, म्हणजे यीस्टच्या अर्कावर, झपाट्याने सुधारलं. मग तोच अर्क आजारी गर्भवतींना दिला. काही दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हे छापून आलं.

शास्त्राच्या दृष्टीने यातला कळीचा भाग पुढचा. त्या काळी पर्निशस अ‍ॅनिमिया या दुसऱ्या एका रक्तक्षयावर यकृताचा अर्क देत. विल्स यांना दिसलं की कच्चा अर्क या बायकांना लागू पडतो, पण शुद्ध केलेला अर्क पडत नाही. म्हणजे शुद्ध करताना जे फेकलं जातंय त्यात यांचं औषध आहे. पर्निशस अ‍ॅनिमियातला घटक वेगळा (आज आपण त्याला ब-१२ म्हणतो) आणि हा वेगळा. याला पुढे 'विल्स फॅक्टर' म्हणू लागले. १९४१ साली अमेरिकेत मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी टनावारी पालकातून एक आम्ल वेगळं काढलं आणि त्याला फॉलिक आम्ल हे नाव दिलं.

आज आशाताई गरोदर बाईच्या हातात लोहाची जी लाल गोळी ठेवतात, तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. त्या गोळीच्या मागे आपल्या गिरण्यांतल्या बायका आहेत. त्यांची नावं कुठे नोंदलेली माझ्या पाहण्यात नाहीत, त्या निबंधांतून फक्त रुग्ण म्हणून येतात. हाफकिनचं नाव घेताना प्लेगच्या लशीइतकंच हे कामही सांगितलं जावं, असं मला मनापासून वाटतं.

शेवंती

गिरणगाव, तुमचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. सासूबाईंना वाचून दाखवला. त्याही गिरणीतल्याच.

जांभा

पुढचा टप्पा मी जोडतो. अमेरिकेत लेडर्ली या औषध कंपनीच्या पर्ल रिव्हरच्या प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधन संचालक होते. जन्म भीमावरमचा, १८९५ चा. त्यांच्या गटाने १९४५ मध्ये फॉलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवलं आणि रचना जाहीर केली. तीन तुकडे : टेरिनची जोडकडी, पॅरा-अमिनो बेंझॉइक आम्ल आणि ग्लूटामिक आम्ल.

आता या तीन तुकड्यांत थोडा फेरफार केला तर? टेरिनच्या चौथ्या जागी ऑक्सिजन काढून अमिनो गट बसवला की अमिनोप्टेरिन. पेशीला ते फॉलिक आम्ल वाटतं, विकर त्याला घट्ट धरून बसतं आणि डीएनए बनवायचं काम थांबतं. बॉस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना आधी फॉलिक आम्लाच्या जातीची द्रव्यं देऊन पाहिली होती, त्यांनी आजार उलट बळावल्यासारखा दिसला. म्हणून त्यांनी सुब्बारावांच्या गटाकडून विरोधी रेणू मागवले. जून १९४८ मध्ये त्यांनी १६ मुलांचा वृत्तान्त छापला. त्यातल्या १० मुलांचा आजार काही काळापुरता मागे हटला होता. रक्ताच्या कर्करोगावर औषधाने असा परिणाम दिसण्याची ती सुरुवात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव गेले. अमिनोप्टेरिनच्या जागी पुढे त्याचंच भावंड आलं, मेथोट्रेक्सेट.

भरतीओहोटी

जांभा, मेथोट्रेक्सेट मी संधिवातासाठी घेते. सोबत डॉक्टरांनी फॉलिक आम्लही लिहून दिलंय. आता वाचून प्रश्न पडला, एक दुसऱ्याचं काम बिघडवणारं असेल तर दोन्ही एकत्र कशी?

जांभा

@भरतीओहोटी ताई, संधिवातात मात्रा कर्करोगापेक्षा फार कमी असते आणि तिथे औषधाचा गुण फक्त फॉलिक आम्ल अडवण्यातून येत नाही. तोंड येणं, मळमळ, यकृतावरचा ताण हे त्रास मात्र बऱ्याच अंशी फॉलिक आम्ल कमी पडल्याने होतात, म्हणून ते भरून काढायचं. कोणत्या वारी काय घ्यायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील तसंच. एक मात्र इथे वाचणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं : संधिवातासाठी मेथोट्रेक्सेटची मात्रा आठवड्यातून एकदाच असते. गैरसमजाने रोज घेतलं जाऊन जिवावर बेतल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. घरात वयस्कर माणसं असतील तर डबीवर वार मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

कासवगती

मग झँथोप्टेरिन खाऊन रक्त वाढेल का? कडी तर तयारच आहे.

पाणंद

@कासवगती, हा प्रश्न १९३० च्या दशकात खरोखर विचारला गेला. शेळीच्या दुधावर वाढवलेले उंदीर रक्तहीन होत, त्यांना झँथोप्टेरिन दिल्यावर सुधारणा दिसल्याचं जर्मनीत त्शेशे आणि वोल्फ यांनी लिहिलं. पुढे रक्तहीन सामन माशांवरही तसे प्रयोग झाले. त्यामुळे टेरिन आणि रक्त यांचा काही संबंध असावा ही कुणकुण फॉलिक आम्लाची रचना कळायच्या आधीच लागली होती.

पण माणसाला त्याचा उपयोग नाही. टेरिनची कडी आणि पॅरा-अमिनो बेंझॉइक आम्ल यांची सांधेजोड करणारं विकर आपल्याकडे नाही. ते जिवाणू, यीस्ट आणि वनस्पतींकडे आहे. म्हणूनच आपल्याला फॉलिक आम्ल पालेभाज्या, डाळी, यकृत यांतून तयारच घ्यावं लागतं. सल्फा औषधं नेमकं हेच सांधेजोड करणारं विकर अडवतात. जिवाणू उपाशी मरतो आणि आपलं काही बिघडत नाही, कारण आपल्याकडे ती पायरीच नाही. झँथोप्टेरिन तर त्या वाटेवरचा रेणूही नव्हे, सहाव्या जागी ऑक्सिजन असल्याने तिथे पुढची जोडणी होत नाही. शिवाय उंदरांना जास्त दिल्यावर ते मूत्रपिंडाच्या नलिकांत खडे धरून बसल्याचं दिसलं आहे. बाटलीतलं झँथोप्टेरिन हे संशोधनापुरतंच, पोटात घ्यायचं नाही.

भरतीओहोटी

समजावून सांगितल्याबद्दल दोघांचे आभार. डबीवर 'रविवार' लिहिलं.

प्राजक्ताचा_सडा

बालरोग विभागात काम करते, म्हणून बायोप्टेरिनबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. वर ताईंच्या कागदावर सगळ्यात वर चमकणारा जो निळा ठिपका, त्याचंच एक रूप (टेट्राहायड्रोबायोप्टेरिन) आपल्या यकृतात आणि मेंदूत सतत काम करत असतं. अमेरिकेत सीमोर कॉफमन यांनी १९६३ मध्ये दाखवलं की फेनिलअ‍ॅलनिनचं टायरोसिन करणाऱ्या विकराला ते लागतं.

हे विकर जन्मतःच बिघडलेलं असतं तो आजार, फेनिलकीटोनुरिया म्हणजे पीकेयू, बहुतेकांनी ऐकला असेल. बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन तपासतात. पण फेनिलअ‍ॅलनिन वाढलेल्या काही थोड्या बाळांत विकर ठीक असतं, बायोप्टेरिनच कमी असतं. अशा बाळाला नुसता पथ्याचा आहार पुरत नाही. डोपामिन आणि सेरोटोनिन बनवायलाही तेच टेरिन लागतं, त्यामुळे रक्तातला आकडा सुधारला तरी मेंदू मागे पडत जातो. म्हणून अशा प्रत्येक बाळाच्या लघवीतली निओप्टेरिन आणि बायोप्टेरिन तपासायची असतात. नमुना उजेडापासून झाकून पाठवायचा, ताईंनी सांगितलेलं कारण इथेही तेच. हे टेरिन औषध म्हणून २००७ पासून अमेरिकेत मिळतं. २०२५ मध्ये तिथे आणि युरोपात सेपियाप्टेरिनलाही पीकेयूसाठी मान्यता मिळाली. 'सेपिया' माशीच्या डोळ्यात साठणारा तो पिवळा ठिपका आता औषध म्हणून मुलांना दिला जातोय.

आमच्यासारख्या ठिकाणी अडचण औषधाच्या किमतीची आणि त्याआधी निदानाची आहे. झटके येणारं, मागे पडणारं बाळ आलं तर पालकांनी फेनिलअ‍ॅलनिन तपासलं का, एवढं तरी जरूर विचारावं.

सूक्ष्मदर्शी

@प्राजक्ताचा_सडा, सेपियाप्टेरिनची बातमी माझ्या नजरेतून निसटली होती. यंदा प्रात्यक्षिकाच्या आधी मुलांना हे नक्की सांगणार.

रानमेवा

गांधीलमाशीचं कुणी लिहिलं नाही अजून. आमच्याकडे बांधाच्या बिळात आणि पडक्या भिंतीत पोळी करते ती तांबूस, पोटावर पिवळे पट्टे असलेली मोठी गांधील, ओरिएंटल हॉर्नेट. त्या पिवळ्या पट्ट्यात झँथोप्टेरिनचे कण असतात. बाकीच्या गांधिली सकाळी लवकर कामाला लागतात, ही मात्र ऐन उन्हात माती उकरते. तेल अवीवच्या संशोधकांनी २०१० मध्ये लिहिलं की ती अंगावरच्या रंगांनी ऊन पकडते. म्हणजे ही सौरऊर्जेवर चालणारी माशी!

जांभा

@रानमेवा, तो निबंध मी वाचलाय. त्यात काय मोजलंय आणि काय सुचवलंय हे वेगळं ठेवायला हवं. मोजलं ते असं : तपकिरी भागावर बारीक चऱ्या असतात, त्यांनी परावर्तन कमी होतं. पिवळ्या भागातले झँथोप्टेरिनचे कण प्रकाश शोषतात. आणि झँथोप्टेरिन वापरून त्यांनी प्रयोगशाळेत एक सौरघट केला, त्याची कार्यक्षमता ०.३३५ टक्के आली. म्हणजे हा रेणू प्रकाशातून वीज निर्माण करायला मदत करू शकतो हे खरं. पण जिवंत गांधील त्यातून काही कमावते आणि त्यावर माती उकरते, हे त्या सौरघटावरून सिद्ध होत नाही. वर्तमानपत्रांनी मात्र दुसरं वाक्यच मथळ्यात घेतलं.

रानमेवा

पटलं. तरी भर दुपारी, बाकी सगळं सावलीला गेलेलं असताना ती एकटी माती वाहताना दिसते, ते बघण्यासारखं असतं. चार हात लांबूनच बघावं.

भरतीओहोटी

आम्ही कोकणातले, म्हणून विचारते. कोळंबीचे डोळे रात्री बत्तीच्या उजेडात चमकतात, त्याचा याच्याशी काही संबंध?

पाणंद

@भरतीओहोटी, आहे आणि थेट आहे. कोळंबीच्या डोळ्यात प्रतिमा भिंगांनी बनत नाही, बारीक चौकोनी आरशांनी बनते. ते आरसे कशाचे, हे बरीच वर्षं नक्की नव्हतं. २०१८ मध्ये समजलं की ते आयसोझँथोप्टेरिनच्या सूक्ष्म स्फटिकांचे आहेत. इथे टेरिन रंगासाठी नाहीच. स्फटिक प्रकाश फार जोरात वळवतो म्हणून ते आरशाला वापरलंय.

शेवंती

वाडीतल्या मुलांचं सुट्टीतलं शिबिर घेते, आठवी-नववीची मुलं असतात. यातलं काही त्यांना दाखवता येईल का? फुलपाखरू मारायचं नाही हे पक्कं.

सूक्ष्मदर्शी

@शेवंती, फुलपाखरांना हात लावूच नका. काही जातींना कायद्याचं संरक्षण आहे आणि मेलेलं सापडलं तरी जात ओळखता आली नाही तर पंचाईत. फळमाशा घ्या. बरणीत पिकलेलं केळं ठेवून तोंडाला कागदाचं नरसाळं लावा, दोन दिवसांत पुरेशा माशा आत येतील. बरणी फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून त्या माराव्यात, शिबिरात ईथर नको. व्हॉटमन गाळणकागदावर डोकी चिरडून वरचीच रीत करा. व्हॉटमन मिळाला नाही तर कॉलेजच्या प्रयोगशाळेतून दोन कागद मागून घ्या, चहा-कॉफीचे गाळणकागद नीट चालत नाहीत. अमोनिया मोठ्यांनीच ओतायचा, तोही अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. घरगुती साफसफाईचा सुगंधी अमोनिया नको, त्यातला साबण ठिपके पसरवतो.

दिवा घेताना ३६५ नॅनोमीटरचा बघून घ्या. बाजारात स्वस्तात मिळतात ते ३९५ चे, त्यांचा स्वतःचाच जांभळा उजेड कागदावर इतका पडतो की झँथोप्टेरिनचा हिरवट ठिपका त्यात हरवतो. आणि मुलांना दिव्याकडे थेट बघू देऊ नका, चष्मे द्या.